अख्ख्या करिअरमध्ये ३ इंटरसेप्शन, आणि किंमत दोन फर्स्ट राऊंड पिक? कॉर्नरबॅकची ट्रेड व्हॅल्यू कशी काढतात

प्रश्न असा आलाय: "नोव्हेंबर २०२५ मध्ये कोल्ट्सनी जेट्सच्या सॉस गार्डनरसाठी २०२६ आणि २०२७ चे फर्स्ट राऊंड पिक दिले आणि वर अडोनाय मिचेल हा रिसीव्हरही दिला. गार्डनरच्या नावावर जेट्सकडे सगळे मिळून ३ इंटरसेप्शन. त्याहून जास्त इंटरसेप्शन घेतलेले कॉर्नर चौथ्या-पाचव्या राऊंडच्या पिकला मिळतात. मग कॉर्नरची किंमत ठरते तरी कशावर?"

प्रश्न एकदम रास्त आहे. (कोल्ट्स, जेट्स या अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या टीम्स. पिक म्हणजे दरवर्षी कॉलेजचे नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमधली एक पाळी, फर्स्ट राऊंडची सगळ्यात मोलाची. इंटरसेप्शन म्हणजे समोरच्याचा पास मधेच पकडणं.) मी गेली सोळा वर्षं न्यू जर्सीत बसून एजंट लोकांसाठी डिफेन्सिव्ह बॅक्सच्या फाइल्स बनवते, म्हणजे फिल्म बघून प्रत्येक प्ले मोजायचा, मग करार वाचायचा आणि मग हा माणूस बाजारात कितीला जाईल याचा आकडा काढून द्यायचा. सगळ्यात जास्त वेळ कॉर्नरच्या फाइलला लागतो, आणि सगळ्यात जास्त चुकाही तिथेच होतात. म्हणून जरा लांबण लावून सांगते.

ज्यांना अमेरिकन फुटबॉल नवीन आहे त्यांच्यासाठी एवढंच, की कॉर्नरबॅक म्हणजे समोरच्या टीमच्या रिसीव्हरला, म्हणजे बॉल झेलणाऱ्याला, अडवणारा. आपल्या कबड्डीतला कॉर्नर आठवा. चांगल्या कॉर्नरकडे रेडर जायलाच बघत नाही, दुसऱ्या बाजूला पॉइंट शोधतो. मॅच संपल्यावर स्कोअरशीटवर त्या कॉर्नरच्या नावापुढे फारसं काही नसतं, पण त्याने अर्धं मैदान बंद करून ठेवलेलं असतं. इथेही तेच. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, ज्याच्याकडे बॉल टाकतच नाही त्याला इंटरसेप्शन येणार कुठून?

आणि टीव्हीवर तर हे दिसतच नाही. बॉल स्नॅप झाला, म्हणजे प्ले सुरू झाला, की कॅमेरा क्वार्टरबॅकवर असतो, कॉर्नर फ्रेमच्या बाहेर कुठेतरी पळत असतो आणि बॉल त्याच्याकडे गेला तरच दिसतो, म्हणजे चार वेळा हरला तर चारही वेळा दिसतो आणि तीस वेळा जिंकला तर एकदाही दिसत नाही. मैदानावरचे बावीसच्या बावीस खेळाडू दाखवणारी कोचेसची फिल्म लीगने २०१२ पासून पैसे भरून सगळ्यांना बघायला दिली, तेव्हापासून बाहेरच्या माणसालाही थोडा अंदाज येतो. त्याआधी आम्ही बरंचसं ऐकीव माहितीवर चालायचो.

आता मुद्द्याचं. ट्रेडमध्ये कॉर्नर 'किती चांगला आहे' याची किंमत होत नाही. तो अजून किती वर्षं, किती पैशात तुमच्या हातात राहणार, आणि त्या वर्षांत त्याच्या खेळातलं काय टिकणार, याची होते. हे कळायला ऑक्टोबर २०१९ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सनी जे केलं त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

एकच टीम, एकच महिना, तीन कॉर्नर. आकिब तालिब इंजर्ड रिझर्व्हवर, म्हणजे जखमींच्या यादीत, गेला. १५ ऑक्टोबरला रॅम्सनी मार्कस पीटर्सला बाल्टिमोर रेव्हन्सकडे पाठवला, बदल्यात मिळाला केनी यंग नावाचा लाइनबॅकर आणि २०२० चा पाचव्या राऊंडचा पिक. त्याच दिवशी जॅक्सनव्हिलकडून जेलन रॅमझी घेतला, त्याला मोजले २०२० आणि २०२१ चे फर्स्ट राऊंड पिक आणि वर २०२१ चा चौथ्या राऊंडचा. आणि महिनाअखेरीला तालिबला मायामीकडे ढकलला, त्यासाठी उलट रॅम्सनीच एक पाचव्या राऊंडचा पिक सोबत दिला आणि बदल्यात लांबच्या वर्षातला सातव्या राऊंडचा घेतला. म्हणजे एकाची किंमत दोन फर्स्ट, एकाची जेमतेम पाचवा राऊंड आणि एकाची चक्क शून्याखाली, कारण मायामीला त्याचा उरलेला पगार उचलायचा होता आणि तो उचलायचं बक्षीस म्हणून तो पिक होता.

मग पीटर्स रॅमझीपेक्षा एवढा वाईट होता का? अजिबात नाही! पीटर्सने रूकी, म्हणजे लीगमधल्या पहिल्या, वर्षात, २०१५ मध्ये, ८ इंटरसेप्शन घेतलेले, रॅमझीला तेवढे कधीच जमले नाहीत. वयात दोघांच्या जेमतेम पावणेदोन वर्षांचा फरक. बाल्टिमोरला गेल्यावर पहिल्याच मॅचला पीटर्सने रसेल विल्सनचा बॉल उचलून टचडाऊन केला आणि त्या सीझनच्या शेवटी ऑल-प्रो, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, टीममध्ये नाव आलं ते पीटर्सचं. फरक होता कागदावर. पीटर्सच्या कराराचं ते शेवटचं वर्ष, सीझन संपला की तो मोकळा. रॅमझीकडे २०१९ होतं, त्यावर २०२० चा पाचव्या वर्षाचा ऑप्शन (पहिला करार एक वर्ष वाढवायचा टीमचा हक्क) साधारण १३.७ मिलियनला आधीच उचललेला होता, आणि त्यानंतरही टीमच्या हातात फ्रँचायझ टॅग, म्हणजे मोकळा होणाऱ्याला आणखी एक वर्ष रोखून धरायचा हक्क, शिल्लक होता. एकाची दहा आठवड्यांची सेवा विकली जात होती, दुसऱ्याची दीड सीझनची खात्री आणि पुढच्या कराराची पहिली संधी.

म्हणून कुठल्याही कॉर्नरच्या ट्रेडची बातमी आली की मी आधी फिल्म उघडतच नाही, करार संपायचं वर्ष बघते.

पण करार बघणं म्हणजे फक्त वर्ष बघणं नाही, आणि इथे बरेच जण घसरतात. बातमीत येतो तो एकूण आकडा, 'अमुक वर्षांचे अमुक मिलियन'. ट्रेड झाला की तो आकडा दोघांत विभागला जातो. साइनिंग बोनस आधीच्या टीमने दिलेला असतो, तो सॅलरी कॅपच्या, म्हणजे टीमने वर्षाला पगारावर किती खर्चायचं त्या मर्यादेच्या, हिशोबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरवता येतो, आणि खेळाडू गेला तरी न मोजलेला उरलेला भाग जुन्या टीमच्याच खात्यावर बसतो. आपल्याकडे जमीन घेताना सातबाऱ्यावर बोजा आहे का बघतो ना, जमिनीबरोबर बोजाही घेणाऱ्याच्या गळ्यात पडू शकतो म्हणून? इथे उलटं आहे, माल जातो आणि जुना बोजा विकणाऱ्याच्याच सातबाऱ्यावर राहतो. घेणारा फक्त पुढचा पगार आणि पुढचे बोनस उचलतो. १ जूनच्या आधी ट्रेड केला तर तो सगळा उरलेला बोजा एकाच वर्षात आदळतो, नंतर केला तर त्या वर्षाचा वाटा त्या वर्षी आणि बाकीचा पुढच्या वर्षी. सीझनच्या मध्यावर घेतला तर पगारही १८ आठवड्यांच्या हप्त्यांतला उरलेलाच द्यायचा.

न्यू ऑर्लिन्स सेंट्सनी नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्शन लॅटिमोरला वॉशिंग्टनला दिला तेव्हा हेच झालं. लॅटिमोरचे पैसे सेंट्सनी वर्षानुवर्षं पुढे ढकललेले, त्यामुळे तो गेल्यावर २०२५ च्या कॅपवर त्यांच्या डोक्यावर ३० मिलियनच्या वर डेड मनी, म्हणजे गेलेल्या खेळाडूचा उरलेला बोजा, बसला, आणि वॉशिंग्टनला तो त्या मानाने स्वस्तात पडला. तरीच वॉशिंग्टन एका तिसऱ्या, एका चौथ्या आणि एका सहाव्या राऊंडचा पिक द्यायला तयार झालं आणि परत एक पाचव्या राऊंडचा घेतला. लोक म्हणाले, २८ वर्षांच्या कॉर्नरला एवढे पिक? मला विचाराल तर त्यातला निम्मा भाव खेळाडूचा होता आणि निम्मा सेंट्सनी गिळलेल्या पैशांचा. विकणारा जितकं जास्त गिळतो तितका पिक वर सरकतो, हे समीकरण डोक्यात पक्कं बसवा.

आणखी एक सवय लावून घ्या. पगार डॉलरमध्ये बघू नका, कॅपच्या टक्क्यात बघा. २०१३ मध्ये टॅम्पा बेने डॅरेल रीव्हिसला वर्षाला १६ मिलियनचा करार दिला तेव्हा कॅप होती १२३ मिलियन, म्हणजे १३ टक्के. रॅमझीने सप्टेंबर २०२० मध्ये पाच वर्षांचं १०५ मिलियनचं एक्स्टेन्शन केलं, वर्षाला २१, तेव्हा कॅप १९८.२, म्हणजे १०.६ टक्के. गार्डनरने जुलै २०२५ मध्ये चार वर्षांचे १२०.४ मिलियन घेतले, वर्षाला ३०.१, कॅप २७९.२, म्हणजे १०.८ टक्के. पेपरात छापून आलं 'इतिहासातला सर्वात महाग कॉर्नर', आणि हिशोबात बघाल तर तो रॅमझीच्याच भावात आहे आणि रीव्हिसपेक्षा चांगलाच स्वस्त. कॅप दरवर्षी वाढत असल्यामुळे तोच ३० चा आकडा तीन वर्षांनी अजून लहान दिसणार. ट्रेड करणारा जीएम, म्हणजे टीमचा जनरल मॅनेजर, हा हिशोब मनात ठेवूनच फोन उचलतो.

रीव्हिसचाच विषय निघालाय तर ती गोष्ट पूर्ण सांगते. सप्टेंबर २०१२ मध्ये त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, आणि एप्रिल २०१३ मध्ये जेट्सनी त्याला टॅम्पाला विकला, त्या वर्षीचा १३ वा पिक आणि पुढच्या वर्षीचा एक, जो तो टीमवर राहिला तर तिसऱ्या राऊंडचा होणार, नाही तर चौथ्याचा. करार सहा वर्षांचा ९६ मिलियनचा, पण त्यात गॅरंटी एका डॉलरचीही नाही. एक सीझन खेळला, मार्च २०१४ मध्ये टॅम्पाने सोडला, कॅपवर काहीही न राहता. म्हणजे टॅम्पाने १३ वा पिक, चौथ्या राऊंडचा पिक आणि १६ मिलियन देऊन एक वर्ष विकत घेतलं. पुढच्या सीझनला तो न्यू इंग्लंडकडून सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला. गॅरंटी नसणं टॅम्पाला सोयीचं वाटलं, पण टीमला सोडायला सोपं असलेला खेळाडू टीम खरंच सोडून देते, आणि मग मोजलेल्या पिकची भरपाई कुठूनच होत नाही.

बरं, आता फिल्म. माझं खरं काम हेच, त्यामुळे इथे जरा थांबते.

इंटरसेप्शन हा कॉर्नरच्या शीटवरचा सगळ्यात चमकणारा आणि सगळ्यात बेभरवशाचा आकडा. ट्रेव्हॉन डिग्जने २०२१ मध्ये ११ घेतले, लीगमध्ये सगळ्यात जास्त, आणि पुढच्या वर्षी ३. झेव्हियन हॉवर्डने २०२० मध्ये १०, मग ५, मग १. हे लोक एका वर्षात खेळायला विसरले का? नाही ना. बॉल कुणाच्या हाताला लागून उडाला, क्वार्टरबॅकवर दबाव होता का, झेल बसला की सुटला, यावर तो आकडा हलतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एका कॉर्नरच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर त्याचे इंटरसेप्शनच ठेवले होते, खूप मेहनतीने प्रत्येकाची क्लिप जोडली होती, आणि समोरच्या टीमच्या माणसाने शांतपणे विचारलं, "यातले किती बॉल त्याच्यावर टाकलेले होते?" मोजले तर निम्म्याहून जास्त दुसऱ्याच्या हातून उडून आलेले. त्या दिवसापासून मी पहिल्या पानावर तो आकडा घेत नाही.

मग बघायचं काय? मी सहा ते आठ मॅचेस निवडते, त्यात त्याच्या सगळ्यात वाईट दोन असल्याच पाहिजेत. त्यातून फक्त असे प्ले काढते जिथे तो रिसीव्हरसमोर एकटा आहे, मागे सेफ्टीची, म्हणजे सगळ्यात मागे उभ्या डिफेंडरची, मदत नाही. हा भाग फार महत्त्वाचा आहे, कारण मागे सेफ्टी असेल तर कॉर्नर निवांत आतल्या बाजूने झुकून खेळू शकतो आणि शीटवर दोघांचं काम एकाच्या नावावर दिसतं. मदत नसलेल्या प्लेमध्ये मी बॉल कुठे गेला ते बघतच नाही. मी बघते रिसीव्हर ब्रेक घेतो, म्हणजे अचानक दिशा बदलतो, त्या क्षणी दोघांत अंतर किती. बॉल दुसरीकडे गेला असला तरी मोजायचं. असे शंभरेक प्ले मोजले की माणूस कळायला लागतो.

पाय आणि कंबर. प्रेसमध्ये, म्हणजे अगदी रिसीव्हरच्या तोंडासमोर उभं राहून खेळताना, पहिल्या दोन पावलांत तो धीर धरतो का, की रिसीव्हरने खांदा हलवला की लगेच वळतो. एकदा चुकीच्या बाजूला कंबर वळली की परत यायला जो वेळ लागतो तेवढ्यात प्ले संपतो. काही जण उलट्या बाजूने फिरून सावरतात, ही कला वयाच्या तिशीतही राहते, पण नुसत्या पळण्याच्या जोरावर सावरणारा असेल तर तो वेग जाईल त्या दिवशी सगळंच जाईल. ट्रेडची किंमत पुढच्या तीन-चार वर्षांची असते, त्यामुळे हा फरक माझ्यासाठी सोन्याचा.

मग पेनल्टी. इथे पास इंटरफिअरन्स झाला की बॉल जिथे फाउल झाला तिथे ठेवतात, म्हणजे एका हाताच्या ओढीने चाळीस यार्ड जाऊ शकतात. शीटवर तो प्ले पास म्हणून धरतच नाहीत, त्यामुळे 'याच्याविरुद्ध इतकेच यार्ड गेले' या आकड्यात तो दिसत नाही. मी तो यार्डात मिळवून घेते, आणि काही नावाजलेल्या लोकांचा आकडा एकदम बदलतो.

आणि तो हे सगळं कुठे करतो. एकाच बाजूला उभा राहतो, की समोरच्याच्या सगळ्यात चांगल्या रिसीव्हरच्या मागे मैदानभर फिरतो? स्लॉटमध्ये, म्हणजे आतल्या बाजूला, खेळू शकतो का, जिथे रिसीव्हर दोन्हीकडे जाऊ शकतो आणि साइडलाइनची मदत मिळत नाही? एका बाजूला उभं राहणारा वाईट असं नाही, रिचर्ड शर्मनने सिएटलमध्ये बहुतेक सगळं डावीकडेच खेळून नाव कमावलं. पण मग घेणाऱ्या टीमची पद्धत तशीच असावी लागते. नामडी असोमुआ ओकलंडमध्ये प्रेस-मॅनचा, म्हणजे तोंडासमोर उभं राहून एकास एक अडवण्याचा, राजा होता, २०११ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला पाच वर्षांचे ६० मिलियन दिले, वेगळ्या पद्धतीत खेळवला आणि दोन सीझननंतर सोडून दिला. माणूस तोच होता, काम वेगळं होतं. पीटर्सचं उलटं, तो लांब उभा राहून क्वार्टरबॅकच्या डोळ्यांत बघत डाव लावणारा कॉर्नर. बाल्टिमोर त्या काळात सतत ब्लिट्झ करायचं, म्हणजे जादा माणसं क्वार्टरबॅकवर सोडायचं, क्वार्टरबॅकला घाईने बॉल सोडावा लागायचा, आणि घाईचा बॉल म्हणजे डाव लावणाऱ्याला मेजवानी. पाचव्या राऊंडच्या पिकला त्यांना जे मिळालं ते दुसऱ्या बऱ्याच टीम्सना मिळालं नसतं.

ड्राफ्टमधला जुना शिक्का मात्र लवकर पुसा. २०१६ चा दहावा पिक एलाय अ‍ॅपल अडीच सीझनच्या आत चौथ्या आणि सातव्या राऊंडला गेला. २०२० चा तिसरा पिक जेफ ओकुडा तीन वर्षांनी पाचव्या राऊंडला. उलट लजेरियस स्नीड चौथ्या राऊंडचा, दोन सुपर बोल जिंकून मार्च २०२४ मध्ये टेनेसीकडे गेला तो तिसऱ्या राऊंडच्या पिकवर आणि ७६.४ मिलियनच्या नव्या करारावर.

आणि स्नीडच्या निमित्ताने शरीराचं बोलायलाच हवं. त्याच्या गुडघ्याची चर्चा ट्रेडच्या आधीपासून होती, टेनेसीत पहिल्या सीझनला तो ५ मॅच खेळला. लॅटिमोर वॉशिंग्टनला आला तो हॅमस्ट्रिंग दुखावलेला असतानाच, त्या वर्षी वॉशिंग्टनकडून रेग्युलर सीझनमध्ये २ मॅच खेळला. जॅएर अलेक्झांडर तर आणखी स्पष्ट उदाहरण, ग्रीन बेमध्ये २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी ७-७ मॅच, करार चार वर्षांचा ८४ मिलियनचा, आणि जून २०२५ मध्ये टीमने त्याला काहीही न मिळवता सोडून दिला. खेळात त्याच्याइतके चांगले कॉर्नर फार नव्हते. पण कॉर्नर रिसीव्हरच्या मर्जीने पळतो, उलटा पळतो, अचानक वळतो, त्यामुळे हॅमस्ट्रिंग आणि पोटरीवर जो ताण येतो तो दुसऱ्या पोझिशनला इतका येत नाही असं माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे. म्हणून मी गेल्या तीन वर्षांत हुकलेल्या मॅचेस मोजते, आणि त्यातही एकच स्नायू पुन्हा पुन्हा दुखावतोय का ते. हाड मोडलं तर मी फार घाबरत नाही. तोच स्नायू तिसऱ्यांदा गेला तर एक अख्खा राऊंड खाली उतरवते.

वयाचं म्हणाल तर २९-३० च्या आसपास बाजार अचानक घाबरतो. रॅमझीचाच आलेख बघा, २४ व्या वर्षी दोन फर्स्ट, मार्च २०२३ मध्ये २८ व्या वर्षी फक्त ७७ वा पिक आणि हंटर लाँग नावाचा टाइट एंड, आणि २०२५ मध्ये पिट्सबर्गला गेला त्या सीझनमध्ये तो सेफ्टी म्हणूनही खेळायला लागला. पण बाजार घाबरतो तेव्हाच स्वस्त माल मिळतो हेही खरं. डॅरियस स्ले २९ चा असताना मार्च २०२० मध्ये फिलाडेल्फियाने तिसऱ्या आणि पाचव्या राऊंडच्या पिकला घेतला, पाच सीझन खेळला आणि सुपर बोल जिंकून गेला. त्याची फिल्म बघितली असती तर कळलं असतं की तो नुसत्या वेगावर जगत नव्हता, समोरच्याचा रूट, म्हणजे धावायचा मार्ग, आधीच ओळखायचा.

पिकचं मोल करताना 'फर्स्ट' हा शब्द फसवा आहे. डॅलसने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जो पॉइंट चार्ट बनवला, जिमी जॉन्सनच्या नावाने ओळखतात तो, त्यात पहिल्या पिकला ३००० पॉइंट, सोळाव्याला १००० आणि बत्तिसाव्याला ५९०. एकाच राऊंडमध्ये पाचपट फरक! आज बऱ्याच टीम्स याच्यापेक्षा सपाट चार्ट वापरतात, पण फरक राहतोच. पुढच्या वर्षीचा पिक ढोबळपणे एक राऊंड खाली धरायची प्रथा आहे. रॅम्सनी रॅमझीसाठी दिलेले पिक शेवटी २० वा आणि २५ वा ठरले, म्हणजे जुन्या चार्टवर ८५० आणि ७२०, दोन्ही मिळून टॉप फाइव्हमधल्या एका पिकपेक्षाही कमी. जिंकणाऱ्या टीमचा फर्स्ट स्वस्त असतो, आणि घेणारा स्वतः जिंकत राहणार असं धरूनच देतो.

राहिली विकणाऱ्याची मजबुरी. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यू इंग्लंड स्टेफन गिलमोरला, २०१९ च्या डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयरला, सोडून देणार अशी बातमी सकाळी फुटली. दुपारपर्यंत कॅरोलायनाने तो २०२३ च्या सहाव्या राऊंडच्या पिकला घेतला. सगळ्यांना माहीत असेल की तुम्ही उद्या फुकटात देणार आहात तर आज कोण पैसे मोजेल? फिल्म, वय, पगार, सगळं बाजूला राहतं. उलट ज्या टीमला घाई नाही तिच्याकडे एक खालची मर्यादा आपोआप असते, कारण मोठ्या करारावर गेलेल्या फ्री एजंटच्या, म्हणजे करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूच्या, बदल्यात लीग पुढच्या वर्षी तिसऱ्या राऊंडपर्यंतचा भरपाई पिक देते, मग त्याच्याहून कमी कशाला घ्यायचं.

आता गार्डनर. ट्रेडच्या दिवशी वय २५. पहिल्या दोन्ही सीझनला फर्स्ट टीम ऑल-प्रो. करार २०३० पर्यंत, साइनिंग बोनस जेट्सनी दिलेला, त्याचा बोजा जेट्सच्या सातबाऱ्यावर. फिल्मवर बघितलं तर लांब हात, प्रेसमध्ये धीर, आणि क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला बघून नजर फिरवतात असे प्ले ढिगाने. हात लावून धरायची सवय आहे आणि त्याचे झेंडे, म्हणजे पेनल्टी, पडतात, ते मी धरले. टॅकलिंगमध्ये तो कमी पडतो, तेही धरलं. विकणारी जेट्स टीम १-७ वर होती, नवा जीएम, नवा कोच, आणि तो कोच अ‍ॅरन ग्लेन स्वतः जेट्सचाच जुना कॉर्नरबॅक, म्हणजे काय विकतोय हे त्या खोलीत नीट माहीत होतं. पण त्यांना घाई नव्हती, साडेतीन महिन्यांपूर्वीच त्याच्याशी करार केलेला. कोल्ट्स ७-२ वर, त्यांचा शार्व्हेरियस वॉर्ड डोक्याला मार लागून बाहेर, ट्रेडच्या डेडलाइनला काही तास. घाई कोणाला होती ते दिसतंयच.

माझा आकडा त्या दिवशी असा होता: एक फर्स्ट, एक सेकंड आणि मिचेल. पाच वर्षं हातात असलेल्या, शिखरावरच्या कॉर्नरला एवढं द्यायलाच हवं, त्यात वेड काहीच नाही, ३ इंटरसेप्शन असोत नाही तर शून्य. दुसऱ्या फर्स्टबद्दल माझी तक्रार होती, कारण कोल्ट्सनी २०२७ चाही पिक आपण वरच असणार असं धरून दिला, आणि त्यांची ७-२ एका क्वार्टरबॅकच्या चांगल्या दोन महिन्यांवर उभी होती. पुढे झालं ते सगळ्यांनी बघितलं, गार्डनरची पोटरी दुखावली, क्वार्टरबॅक डॅनियल जोन्स जायबंदी झाला, टीम प्लेऑफला पोचलीच नाही आणि २०२६ चा तो पिक राऊंडच्या शेवटाकडून मधे सरकला. म्हणून गार्डनर वाईट ठरत नाही, हेही तितकंच ठामपणे सांगते. त्याच्या कराराची चांगली वर्षं अजून पुढेच आहेत, आणि २०२७ चा पिक कुठे पडतो यावर कोल्ट्सनी खरी किती किंमत मोजली ते कळेल.